डोंगर उतरल्यावरचे तीन दिवस : तुम्हालाही असं होतं का?

सोनकी
नमस्कार मंडळी. सहा वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

वय ४८, राहणार ठाणे, नोकरी बँकेत. ट्रेकिंग सुरू केलं त्रेचाळिसाव्या वर्षी. त्याआधीचा गिर्यारोहणाचा अनुभव म्हणजे शाळेच्या सहलीतला सिंहगड, तोही दह्याच्या मडक्यासाठी. पहिला ट्रेक पेब. अर्ध्या वाटेत छाती इतकी भरून आली की एका दगडावर बसले आणि सगळ्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी इथेच मरते. कोणीही गेलं नाही, मीही मेले नाही. मग राजगड झाला, पाचनईकडून हरिश्चंद्रगड झाला, कळसूबाई तीनदा, दोन वर्षांपूर्वी सांदकफू. या ऑक्टोबरात आम्ही पाच मैत्रिणी ईबीसीला, म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर जाऊन आलो.

डोंगरात गेलं की मन शांत होतं, असं सगळे म्हणतात. होतं की. पण परत आल्यावर काय होतं ते कोणी बोलत नाही. माझं ठरलेलं आहे. पहिला दिवस धुण्यात जातो. दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्टीला दचकते. तिसऱ्या दिवशी काहीही कारण नसताना रडू येतं. चौथ्या दिवसापासून मी पुन्हा माणसात. दर वेळी असंच.

या वेळी मात्र तीन दिवसांचे तीन आठवडे झालेत. परवा नवऱ्याने विचारलं, "आज भाजी कोणती?" तो स्वतःच करणार होता बरं का, फक्त कोणती ते विचारत होता. मला उत्तरच देता येईना. फ्रिजचं दार उघडं, हातात दुधी, आणि मी घळाघळा रडतेय. तो बिचारा म्हणाला, दुधी नको असेल तर राहू दे.

तुम्हाला होतं का असं? झालं तर काय करता?

चकली_सम्राट
दुधी हातात आला की मलाही रडू येतं. त्यासाठी नेपाळला जावं लागत नाही.

कातळ
सर्वप्रथम ईबीसीबद्दल जोरदार अभिनंदन! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हणजे मानलं. मी २०१६ साली गेलो होतो. बेस कॅम्पजवळच्या काला पत्थरवरून सूर्योदय मिळाला का? आमच्या नशिबी नुसते ढग. फोटो येऊ द्या.

निवांत_काकू
सोनकी, तुझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते.

होतं. मला गिरनारहून आल्यावर झालं होतं. दहा हजार पायऱ्या चढले-उतरले तेव्हा डोळ्यांत पाणी नाही, आणि घरी येऊन गॅस संपलेला बघितला तर हमसून हमसून रडले. सूनबाई घाबरली, तिला वाटलं सिलिंडरवर माझा एवढा जीव आहे.

पण एक विचारते, राग मानू नकोस. ट्रेकला सकाळी चहा कोण आणून देतं? जेवण कोण करतं? ताट कोण उचलतं? पंधरा दिवस "आज काय करायचं" हा प्रश्न तुझ्या डोक्यात नव्हता. मला तर वाटतं, डोंगराला आपण उगाच श्रेय देतो. शांत वाटतं ते आयत्या ताटामुळे. महाबळेश्वरला हॉटेलात आठ दिवस राहून बघ, तिथेही वाटेल.

सोनकी
काकू, हे कळायला मला पाच वर्षं लागली असती. लोबुचेच्या वाटेवर नाक गळतंय, बोटं बधिर, पाठीवर सात किलो, आणि तरी हलकं वाटत होतं, कारण संध्याकाळी काय शिजणार आहे ते माहीत होतं. डाळ-भात. उद्या? डाळ-भात. परवा? लसणाचं सूप आणि डाळ-भात.

पण महाबळेश्वर नाही हो पटत. हॉटेलात मी वेटरकडे बघून "बिचारा किती दमलाय" म्हणत बसते. डोंगरावर मी स्वतःच इतकी दमलेली असते की दुसऱ्याची काळजी करायला दमच उरत नाही. तेही एक सुखच.

खवचट_खार
थोडक्यात, संसाराला कंटाळून पळून जायचं आणि परत आलं की रडायचं. याला आमच्या आजीच्या भाषेत पळपुटेपणा म्हणतात. पूर्वीच्या बायका नाही गेल्या त्या कुठे मनःशांती शोधत.

अनुस्वार
खारूताई, पूर्वीची एक बाई गेली होती. तिचं नाव कळसूबाई.

गोष्ट माहीत असेलच, तरी सांगतो. कळसू कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहताना अट घातली, बाकी पडेल ते काम करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एके दिवशी पाटलाकडे पाहुण्यांची झुंबड उडाली आणि तिला तीच दोन कामं सांगितली. तिने ती केली, आणि मग चिडून जी डोंगरावर गेली ती कायमची. भांडी घासली ते थाळेमेळ, केर काढला तो काळदरा, आणि ती जाऊन राहिली ते महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर.

आपल्या राज्याचा सर्वोच्च बिंदू हा एका बाईने भांड्यांवरून धरलेला रुसवा आहे. पळपुटेपणा म्हणा हवं तर. तिथे लोक नवरात्रात नवस फेडायला जातात.

चकली_सम्राट
अनुस्वार, प्रतिसाद वाचून मी आत्ता उठून दोन कप विसळून ठेवले. उगाच कशाला जोखीम.

निवांत_काकू
+१ अनुस्वार. खारे, बोल आता.

खवचट_खार
बोलतो की. कळसू परत आली नाही. परत येऊन फ्रिजपुढे रडली नाही. आणि मी खारूताई नाही, खारदादा आहे.

आल्प्स_वहिनी
म्युनिकहून. इथे डोंगर म्हणजे शनिवारचा बाजार असतो. सत्तरीच्या आज्या दोन काठ्या टेकत माझ्या पुढून टकटक करत निघून जातात, वर "हॅलो" पण म्हणतात. जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर त्सुगश्पित्से, २९६२ मीटर. पहिल्यांदा चढून गेले तेव्हा शेवटी जीव गोळा करून माथ्यावर पोचले, तर समोर रोपवेच्या पाळण्याने आलेलं पब्लिक सँडल घालून सॉसेज खातंय. त्या दिवशी मला जे रिकामं वाटलं त्याला तोड नाही. घरी येईपर्यंत वाटच बघावी लागली नाही.

आपल्याकडे बायका काठ्या का वापरत नाहीत? भारतात आले की ट्रेकला सगळे हसतात, "म्हातारी झालीस का" म्हणून.

वाकडा_गुडघा
काठ्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे (नावावर जाऊ नका, गुडघा माझाच वाकडा आहे).

चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला घाबरतात. दुखापती जास्त उतारावर होतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकाच वेळी ताणला जात असतो आणि अंगाचा भारही पेलत असतो, म्हणजे ब्रेक दाबून गाडी घाटातून उतरवण्यासारखं. त्याने स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ती दुखायला लागते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ट्रेकच्या दिवशी उड्या मारणारा माणूस मंगळवारी जिना आडवा का उतरतो, त्याचं कारण हे. काठ्यांनी हा भार थोडा हातांवर जातो. हसणाऱ्यांना हसू द्या.

घरी तयारी करताना सगळे जिने चढतात. उतरायचा सराव करा. एका पायरीवर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच हळूहळू खाली टेकवायची, चार आकडे मोजत. दोन्ही पाय, दहा-दहा वेळा. पंधरा दिवसांत फरक दिसतो. आणि चाळिशीनंतर बायकांच्या हाडांची झीज वाढते, तेव्हा पाठीवर थोडं वजन घेऊन चालणं हे त्यासाठी पोहण्यापेक्षा चांगलं. पाण्यात हाडांवर भार येत नाही.

सोनकीताई, आता तुमचं. तीन दिवसांचं समजू शकते. झोप झालेली नसते, अंग ठणकत असतं, पंधरा दिवस रोज सहा-सात तास चालायची सवय झालेलं शरीर एकदम खुर्चीत बसतं. पण तीन आठवडे रोज रडू येतंय, निर्णय घेता येत नाहीत, हे नुसतं ट्रेकवर ढकलू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ करून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता, महाराष्ट्रातही. तुमचं वय पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरचं, त्यातही मन असं हेलकावतं. दोन आठवड्यांच्या वर उदासी टिकली तर कोणाशी तरी नीट बोलायचं असतं. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. अवांतर झालं, पण लिहावंसं वाटलं.

घोटीकर
इथे डोंगर आणि मनःशांती यावर एवढी चर्चा वाचून हसू आलं, रागही आला. दोन्ही लिहितो.

मी बारीच्या बाजूचाच. कळसूबाईच्या पायथ्याला जन्मलो, आता नाशिकला नोकरी करतो. माझी आई सदुसष्ट वर्षांची आहे. ती लहान होती तेव्हापासून डोंगर चढते. सरपणाला, करवी तोडायला, गुरांमागे, उन्हाळ्यात पाण्याला. पायात धड चप्पल नाही. तिला कोणी कधी विचारलं नाही की बाई, वर गेल्यावर तुला शांत वाटतं का. तिच्या डोक्यावर मोळी असते, तिला मान वळवून बघताही येत नाही.

शनिवारी रात्री बसा भरून पुण्या-मुंबईची मंडळी येतात. पहाटे तीनला शिड्यांवर रांग, मोबाइलवर गाणी, आणि सकाळी खाली उतरून आमच्या ओसरीवर पोहे खाताना म्हणतात, "काय शांतता आहे हो तुमच्याकडे." होती. तुम्ही यायच्या आधी होती.

सोनकीताईंवर राग नाही. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय.

अनुस्वार
घोटीकर, गप्प केलंत. गाण्यांबद्दल शंभर टक्के सहमत.

कातळ
घोटीकर, कळसूबाईच्या गर्दीबद्दल अनुमोदन. मी शनिवार-रविवार तिकडे जाणंच सोडलंय. मधल्या वारी जा, वरच्या विहिरीपाशी तुम्ही आणि वारा.

पण एक शंका. तुमच्या आईला खरंच कधी विचारलंय का? की आपणच ठरवलंय की तिला फक्त कष्टच वाटतात?

(सोनकीताई, काला पत्थरचे फोटो राहिले.)

घोटीकर
कातळदादा, नाही विचारलं. बरोबर पकडलंत. रविवारी गावी जातोय, विचारतो.

रातराणी_कट्टा
धाग्याचा मूळ विषय मनाचा असला तरी मी शरीरावर येते, कारण पुरुष मंडळी फोटो आणि इतिहासात रमलीत. पाळीचं काय करता? मला सांदकफूला जायचंय आणि तारखा नेमक्या तेव्हाच येतायत.

सोनकी
रातराणी, सांदकफू ३६३६ मीटर, नोव्हेंबरात रात्री पाणी गोठतं. मी तिथे मेन्स्ट्रुअल कप वापरला. अट एकच, कपाची सवय घरी तीन-चार महिने आधी करून घ्या. पहिला प्रयोग तंबूत नको. हात धुवायला पाण्याची एक छोटी बाटली वेगळी ठेवायची आणि रात्री ती झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायचं, नाहीतर सकाळी बर्फ. पॅड वापरणार असाल तर वापरलेली परत आणायला जाड काळी पिशवी. डोंगरात पुरायची नाहीत, जनावरं उकरतात. आणि गोळी घेऊन पाळी पुढे ढकलायची असेल तर डॉक्टरला विचारून, मैत्रिणीला विचारून नाही.

आणि पाणी कमी पिऊ नका. आपण बायका आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाही. मी राजगडाला तेच केलं होतं, गुंजवण्याच्या चोरदरवाजाच्या चढावर पायात असे गोळे आले की वर खेचायला दोघे लागले.

रातराणी_कट्टा
खूप आभार. वाचनखूण साठवली.

निवांत_काकू
आमच्या वेळी हे असं उघड बोलता आलं असतं तर मीही चार डोंगर जास्त चढले असते.

अवांतर : जुन्को ताबेई माहीत आहे ना? एव्हरेस्टवर पोचलेली जगातली पहिली बाई, जपानची, १६ मे १९७५. १९६९ मध्ये तिने फक्त बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला होता. एव्हरेस्टला निघाली तेव्हा मुलगी तीन वर्षांची. पैसे नव्हते म्हणून गाडीच्या सीटच्या जुन्या कापडातून हातमोजे शिवले. शिखराच्या बारा दिवस आधी त्यांच्या छावणीवर हिमकडा कोसळला, ती गाडली गेली, शेर्पांनी ओढून काढली. त्यानंतर चढली. परत येऊन तिला कसं वाटलं असेल, हे मला तेव्हापासून कुतूहल आहे. घरी मुलीने आधी काय मागितलं असेल?

आणि आपल्याकडची प्रेमलता अग्रवाल, जमशेदपूरची, दोन मुलींची आई. २०११ मध्ये एव्हरेस्ट केलं तेव्हा वय ४८. सोनकी, तुझंच वय.

कातळ
काकू, साताऱ्याची प्रियांका मोहितेही घ्या यात. २०१३ मध्ये एव्हरेस्ट, मग ल्होत्से, मकालू, २०२१ मध्ये अन्नपूर्णा, २०२२ मध्ये कांचनजुंगा. आठ हजार मीटरच्या वरची पाच शिखरं. अन्नपूर्णेला जाणारे किती परत येत नाहीत ते ठाऊक असलेला माणूस त्या एका नावावरच उभा राहून टाळ्या वाजवतो.

सोनकीताई, तुम्ही याच पंगतीतल्या. फोटो टाका हो, लाजताय काय.

चकली_सम्राट
कातळभाऊ, तिसऱ्यांदा मागताय. तुमच्या ढगांचे टाका आधी.

सोनकी
कातळदादा, फोटो नाहीत. काला पत्थरचे नाहीत आणि बेस कॅम्पचेही नाहीत. मी तिथे पोचलेच नाही.

पहिल्या पोस्टमध्ये मी "वाटेवर जाऊन आलो" असं लिहिलंय बघा. चारदा खोडून ते वाक्य तसं केलं होतं. खोटं नाही आणि खरंही नाही.

डिंगबोचेपर्यंत मी सगळ्यांत पुढे होते. ४४१० मीटरवर दोन रात्री राहिलो, काही त्रास नाही. तिथून लोबुचे, ४९४०. संध्याकाळी खोलीत याकच्या शेणाची शेगडी पेटवलेली, सगळ्या पत्ते खेळताहेत, आणि मला बदामची राणी आणि किलवरची राणी वेगळी दिसेना. रात्री डोकं असं ठणकायला लागलं की उशीवर टेकवता येईना. दोनदा उलटी. बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन ७१. गाइड दाइ (नेपाळीत दादा) पहाटे चारला आला, माझ्याकडे टॉर्च मारून बघितलं, आणि एवढंच म्हणाला, "दिदी, नीचे." मी वाद घातला. म्हटलं, गोळी घेते, गोरकशेपपर्यंत, शेवटच्या मुक्कामापर्यंत, तरी जाऊ दे, उद्याच तर पोचायचंय. तो माझ्या बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसला. मला स्वतःला बांधता येत नव्हत्या, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

लोबुचेच्या खाली थुकला खिंडीत चोर्तेन आहेत, त्या डोंगरांत गेलेल्यांची दगडी स्मारकं, पताका लावलेली. वर जाताना आम्ही तिथे फोटो काढले होते. खाली येताना ऊन नुकतं लागत होतं. बसले तिथे. डोकं तोवर थोडं हलकं झालं होतं. पोरगा मदतनीस माझी पिशवी आणि स्वतःची पिशवी घेऊन उभा, बीड्या ओढत. मला लाज वाटली, ती अशी की मेलेल्यांसमोर वाटावी. मग फेरिचेला उतरलो, ४३७१ मीटर, तिथल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात तपासलं. दुपारी मी दोन वाट्या डाळ-भात खाल्ला. इतकं साधं होतं. साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर खाली, आणि मी ठणठणीत.

चौघी जाऊन आल्या. परतीच्या वाटेवर नामचेत आम्ही पाचजणींनी फोटो काढला, तो कोणीतरी "मिशन ईबीसी फत्ते" लिहून ग्रुपवर टाकला. मी तेव्हा बोलले नाही. ठाण्याला आले तर सोसायटीच्या दारात रांगोळी. शाखेत शाल-श्रीफळ झालं. साहेबांनी भाषणात "पाच हजार तीनशे चौसष्ट मीटर" असा आकडा सांगितला, मी मान खाली घातली, लोकांना वाटलं विनय. नारळ अजून फोडलेला नाही. फ्रिजच्या वर आहे. दुधी काढायला गेलं की दिसतो.

नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

अनुस्वार
...

कातळ
सोनकीताई, माफ करा. तीन वेळा टोचलं तुम्हाला, कल्पना नव्हती.

आता माझंही ऐका. २०१६ ला ढग वगैरे काही नव्हते. गोरकशेपला पहाटे चारला गजर झाला, बाहेर उणे सतरा होतं, मी कुशीवर वळून झोपलो. बाकीचे काला पत्थरवर गेले. सात वर्षं लोकांना ढग सांगतोय. बायकोलाही.

चकली_सम्राट
हा धागा आता कन्फेशन बॉक्स झालेला आहे. मी पण सांगून टाकतो. मी एकही ट्रेक केलेला नाही. सगळे चकलीवरच्या प्रतिसादांसाठी मला ओळखतात, चकल्याही आई करते.

वाकडा_गुडघा
सोनकीताई, आधी कामाचं. यंत्रातला आकडा एकटाच बघायचा नसतो, पण डोकेदुखी, उलटी, नाड्या न बांधता येणं, पत्ते न ओळखता येणं हे मेंदूला सूज येऊ लागल्याचं लक्षण असू शकतं. त्यावर हुकमी उपाय एकच, खाली उतरणं, तेही लगेच. डायमॉक्सने, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीने, शरीराला जुळवून घ्यायला मदत होते, पण अशा वेळी ती गोळी घेऊन वर चढणं म्हणजे आगीचा गजर बंद करून झोपणं. तुमचा गाइड सोन्यासारखा माणूस. आणि हे तयारी कमी पडली म्हणून होत नाही. पंचविशीतल्या मॅरेथॉनवाल्यांना होतं, त्यांच्याच शेजारच्या पोटसुटल्या काकांना होत नाही. त्याचा दमाशी संबंध नाही.

रक्त तपासून घ्या हे मात्र तसंच. नारळाने हिमोग्लोबिन वाढत नाही.

खवचट_खार
मी वर पळपुटेपणा म्हणालो होतो. शब्द मागे घेतो. पहाटे चारला वळायला जे लागतं ते माझ्याकडे नाही. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या एका डोंगरात वळला नव्हता. एवढंच लिहितो.

निवांत_काकू
खारा, बाळा.

सोनकी
खारदादा, काय बोलू. लुक्लातून वाट सुरू होते तिथे एक कमान आहे, पासांग ल्हामू शेर्पाच्या नावाची. एव्हरेस्टवर पोचलेली पहिली नेपाळी बाई, २२ एप्रिल १९९३. उतरताना हवामान बिघडलं, ती परत आली नाही. जाताना मी त्या कमानीखाली सेल्फी काढला होता. येताना त्याच कमानीखालून चालत आले, आणि गंमत म्हणजे परतीचा शेवटचा दिवस चढाचा असतो, कारण लुक्ला फाकडिंगपेक्षा उंच आहे. धापा टाकत पोचले. कमान डोळ्यांसमोर आली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आले बुवा. आज तुमचं वाचून ते आठवलं.

घोटीकर
गावी जाऊन आलो. आईला विचारलं.

आधी म्हणाली, काय खुळ्यासारखं विचारतोस. मग रात्री भाकऱ्या थापताना आपणहून बोलली. म्हणाली, "मोळी बांधून झाली का मी थोडी बसते. लगेच नाही उचलत. खाली आलं की तुझा बाप, गुरं, चूल. वर कोण हाक मारायला येतंय?" साठ वर्षं बसतेय म्हणे. घरी कुणाला माहीत नव्हतं.

कातळदादा, तुमचा प्रश्न बरोबर होता. माझा रागही बरोबर होता, तो तसाच ठेवतो.

आणि कळसूबाईची गोष्ट आमच्याकडे आई थोडी वेगळी सांगते. ती म्हणते, कळसू चिडली नव्हती. तिने भांडी लख्ख घासली, केर काढला, सगळं जागच्या जागी लावलं, आणि मग गेली.

आल्प्स_वहिनी
हे वाचून ऑफिसात रडतेय. शेजारचा जर्मन विचारतोय, सर्व्हर बंद पडला का.

नवा_भिडू
नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही पण विषय आवडला. ईबीसीला जायचंय, बूट कोणते घ्यावेत? आणि बेस कॅम्पवरून एव्हरेस्ट जवळून दिसतं ना?

कातळ
भिडू, बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसतच नाही, मधे दुसरे डोंगर येतात. त्यासाठी काला पत्थरवर चढावं लागतं. मला विचारू नका कसं दिसतं ते. बूट दोन महिने आधी घ्या आणि ते घालून भाजी आणायला जा.

चकली_सम्राट
फक्त दुधी आणू नका.

सोनकी
अपडेट. रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. १४४१६ ला फोन केला, पहिल्यांदा तीन मिनिटांत ठेवून दिला, दुसऱ्यांदा चाळीस मिनिटं बोलले.

काल नवऱ्याला सांगितलं. सगळं. तो ऐकत होता, आणि मग म्हणाला, "मला माहीत होतं. लोबुचेनंतरच्या एकाही फोटोत तू नव्हतीस." तीन आठवडे त्याला माहीत होतं आणि तो भाजी विचारत होता. भांडले मी त्याच्याशी. मग नारळ फोडला. आतून थोडा खराब निघाला, उरलेल्याची चटणी केली.

शाखेत अजून सांगितलं नाही. ते जमेल असं वाटत नाही, आणि खरं सांगू, आता तेवढं टोचतही नाही.

डिसेंबरात मधल्या वारी कळसूबाईला जायचं म्हणतोय. रात्रीचं नाही, गाणी नाहीत. कोणी येणार?

कातळ
मी येतो. शपथेवर सांगतो, माथ्यावर जाईन.

निवांत_काकू
मी शिड्यांपर्यंत. पुढे तुम्ही जा, मी बसते. घोटीकरांच्या आईसारखी.

खवचट_खार
मीही.

घोटीकर
या. पिठलं-भाकरी आईला सांगून ठेवतो. किती माणसं ते आदल्या दिवशी कळवा, आयत्या वेळी सांगितलेलं ती ऐकून घेत नाही.

सोनकी
सध्या आठ. जेवल्यावर भांडी आम्ही घासू.

घोटीकर
घासा की, आईची ना नाही. फक्त हळू बोला. वर ऐकू जातं.